उपदेशाची भाषा आणि निद्रिस्त अर्भक

डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांच्या बालसंगोपनविषयक ग्रंथाची पहिली आवृत्ती १९४६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. आज्ञा न करता मातापित्यांना धीर देणारी शैली हा ह्या ग्रंथाचा गुण मानला जातो, आणि ते यथार्थच आहे. परंतु ह्याच शैलीची दुसरी बाजूही तपासण्याजोगी आहे. १९५८च्या आवृत्तीत अर्भकास पालथे निजविण्याचा पुरस्कार केला गेला. कारण असे दिले गेले की, उताण्या मुलास उलटी झाल्यास श्वास कोंडण्याचा संभव अधिक. हे विधान निव्वळ अनुमानाचे आहे; तथापि अनुभवसिद्ध, जिव्हाळ्याच्या वाक्यांच्या ओघात आल्यामुळे ते अनुभवाचे बोल वाटते. वस्तुतः मूल उताणे असता अन्ननलिका श्वासनलिकेच्या खाली राहते. त्यामुळे वर आलेले दूध श्वासमार्गात शिरणे कठीण होते.

अनुमान व अनुभव ह्यांतील भेद पुसला गेल्याची किंमत रूथ गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडली. पालथ्या निजेचा धोका दर्शविणारा पुरावा १९७०पर्यंत उपलब्ध होता. तो वेळीच संकलित झाला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये १०,०००हून अधिक अर्भकांचे आकस्मिक मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली ‘बॅक टु स्लीप’ ही मोहीम सुरू झाली. ‘पाठीवर निजणे’ आणि ‘पुन्हा झोपी जाणे’ असा दुहेरी अर्थ साधणारे हे घोषवाक्य परिणामकारक ठरले. अमेरिकेत असे मृत्यू पुढे सुमारे निम्म्याने घटले. परंतु त्यात केवळ स्थितीचा निर्देश होता. मऊ उशा, सैल पांघरुणे, तंबाखूचा धूर ह्यांविषयी ते मूकच होते. २०१२ साली अमेरिकेत ‘सेफ टु स्लीप’ हे व्यापक नाव स्वीकारले गेले, ते ह्या दृष्टीने उचित होय.

हा श्लेष मराठीत उतरत नाही. परंतु मराठीजवळ त्याहून उपयुक्त भेद आहे. ‘पालथे पडणे’ ही मुलाची स्वतःची क्रिया, तर ‘पालथे निजविणे’ ही दुसऱ्याने करविलेली. पहिली वाढीची खूण, दुसरी टाळावयाची कृती. दोन्ही बाजूंना आपोआप वळू लागलेल्या मुलास झोपेत पुन्हा उताणे करण्याचे कारण नाही. वर्षाच्या आतील मुलास निजविताना मात्र, दिवसा काय वा रात्री काय, सपाट व घट्ट गादीवर उताणेच निजवावे. आरोग्यविषयक मराठी लेखनाने हा प्रयोजकाचा भेद कसोशीने पाळला, तर उपदेश संक्षिप्तही राहील आणि संदिग्धही होणार नाही.