टीना परत येते का?

मे महिन्यातील बालशिबिराच्या अखेरच्या रात्री मुलांना एखादा चित्रपट दाखवायचा, ही मानवतच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती समुदायातील जुनी रीत आहे. भिंतीवर पांढरी चादर, सतरंजीवर मुले, त्यांच्यामागे आया, आणि कामावरून उशिरा परतलेले बाप दाराशी उभे. चित्रपट निवडण्याचे काम माझ्याकडे असते. वरकरणी हे काम हलके वाटते. परंतु अलीकडे रविवारचे प्रवचन तयार करण्यापेक्षा तेच मला अवघड जाते. ‘सहकुटुंब पाहावा’ म्हणून जो साहसपट हाती येतो, त्याचा सूर पूर्वीचा राहिलेला नाही.

एका वर्षी आम्ही ‘मिस्टर इंडिया’ दाखवला. तो संपल्यावर आठ वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि तिने विचारले, “फादर, टीना परत येते का?” मला चटकन उत्तर सुचले नाही. पुढच्या वर्षी मोठ्या मुलांच्या हट्टाखातर ‘क्रिश ३’ लावला. त्यात मुंबईत माणसे रोगाने पटापट मरतात आणि शेवटच्या झुंजीत इमारती ढासळतात. मुले टाळ्या वाजवत घरी गेली. कोणी परत येते का, असे त्या रात्री एकाही मुलाने विचारले नाही. या दोन रात्रींमधले अंतर मला कित्येक दिवस छळत राहिले. प्रस्तुत लेख त्यातूनच निघाला आहे.

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. सलीम-जावेद या जोडीने लिहिलेली ती कथा वाचकांना ठाऊक आहेच. अनाथ मुलांनी भरलेले एक घर, भाड्यासाठी दाराशी येणारा तगादा, आणि अदृश्य होण्याची शक्ती अचानक लाभलेला अरुण. मात्र लाल प्रकाशात तो दिसू लागतो. म्हणजे लाभलेल्या शक्तीलाही मर्यादा आहे. अमरीश पुरी यांचा मोगँबो भयंकर खरा, पण त्याच्या सोनेरी केसांत आणि स्वतःवरच खूश होण्यात मुलांना हसायलाही जागा आहे. या हसण्याखेळण्याच्या मधोमध चिमुकल्या टीनाचा बाँबस्फोटात मृत्यू होतो आणि चित्रपट जागच्या जागी थबकतो. घर रडते, अरुण मोडून पडतो. पुढे जे घडते ते या एका मरणाचा भार वाहतच घडते.

तेव्हा ‘कौटुंबिक’ म्हणजे मरण न दाखवणारे, ही आपली समजूत मुळातच तपासून पाहावी लागेल. जुना साहसपट मरण दाखवीत असे. फक्त ते मोजून दाखवीत असे. शंभरांतले एक मेंढरू हरवले तर नव्याण्णव मागे ठेवून त्याच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाचा हिशेब तिथे चालत असे. (चित्रपट निर्दोष होता असे मात्र मी म्हणत नाही. त्यातील पावसातल्या गाण्याच्या वेळी मी प्रोजेक्टरपुढे हात धरला होता, हे कबूल केलेले बरे.)

त्या मुलीचा प्रश्न मानवतमध्ये विचारला गेला, हेही विसरता येत नाही. १९७२ ते १९७४ या काळात या गावात खुनांची जी मालिका घडली तिच्या बळींत लहान मुलीही होत्या. २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, तेव्हापासून परगावी गावाचे नाव सांगितले की समोरच्याचे डोळे चमकतात. गावचे दुःख परक्यांची करमणूक होऊन परत येते. ती मालिका प्रौढांसाठी आहे आणि तसे स्पष्ट सांगूनच दाखवली जाते, म्हणून तिच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या विध्वंसाविषयी.

हा बदल कसा झाला, ते राकेश रोशन यांच्या एकाच चित्रत्रयीत पायरीपायरीने दिसते. ‘कोई... मिल गया’ (२००३) मध्ये रोहितचे शरीर वाढले आहे, पण बुद्धी बालकाची राहिली आहे. त्याचे सवंगडी लहान मुले आहेत, आणि सूर्यप्रकाशातून बळ घेणारा ‘जादू’ त्या टोळीतच सामील होतो. ‘क्रिश’मध्ये (२००६) मुखवटा येतो, पण तो येतो सर्कशीला लागलेल्या आगीतून मुलांना वाचवताना. पुढे एका गरीब कसरतपटूच्या बहिणीवर शस्त्रक्रिया व्हावी म्हणून नायक आपले नाव आणि बक्षीस त्यालाच घेऊ देतो. सामर्थ्यवान माणसाने श्रेय सोडून द्यावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. ‘क्रिश ३’ (२०१३) पर्यंत येताना मात्र मुलांची टोळी कथेतून नाहीशी झालेली आहे. रोहित मुलासाठी प्राण देतो, तेवढे एक मरण मनाला भिडते. बाकीचे सारे गर्दीचे मरण.

योगायोग असा की, त्याच २०१३ साली ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅनच्या झुंजीत अख्खे महानगर उद्ध्वस्त झाले आणि अखेरीस त्याने झॉडची मान मोडली. न्यायाने सांगायचे तर, त्यानंतर तो आक्रोश करतो. पण तो आक्रोश झॉडसाठी आणि स्वतःच्या हातून घडलेल्या कृतीसाठी आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसांची आठवण कोणाला राहिली? १९७८ च्या चित्रपटात हाच सुपरमॅन एका मुलीचे मांजर झाडावरून उतरवून देत होता. २०२५ मध्ये जेम्स गन यांनी त्याला पुन्हा त्या वाटेवर आणले. राक्षसी प्राण्याशी लढता लढता तो एका खारीला उचलून सुरक्षित ठेवतो. कित्येक प्रेक्षक त्या खारीला हसले, पण मला ती साऱ्या चित्रपटाची किल्ली वाटली. आपल्या प्रमाणन मंडळाने त्या चित्रपटातील चुंबनाला कात्री लावली, कोसळत्या इमारतींना नाही. या बाबतीत पाद्रीबाबा मंडळाच्या बाजूने असतील असे कोणाला वाटले असेल, तर त्याची निराशा होईल.

मराठीत तर हा प्रवास एकेकाळी उलट्या दिशेने झाला होता. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) हा मोठ्यांसाठीचा अमेरिकन भयपट. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची तीच कल्पना घेऊन महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ केला. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी यांमुळे तात्या विंचू घराघरांतला झाला. मूल आईच्या पदराआडून डोकावून पाहील एवढेच भय त्यात ठेवले होते. ही मात्रा ओळखणे सोपे नसते, आणि कोठारे यांच्या या कसबाची समीक्षकांनी पुरेशी दखल घेतली नाही असे मला वाटते.

२०१७ चा ‘फास्टर फेणे’ मी मोठ्या अपेक्षेने पाहिला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आमच्या पिढीने वाचनालयात फाटेपर्यंत वाचलेला. आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात तो शाळकरी राहिलेला नाही, तरुण आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेल्या एका मुलाचा मृत्यू आत्महत्या म्हणून मिटवला जातो, आणि हा त्याचा माग काढतो. चित्रपट चांगला आहे. गिरीश कुलकर्णी यांचा खलनायक अंगावर येतो, आणि एका अनोळखी मुलाच्या मरणाचा जाब विचारणारा नायक तर माझ्या या लेखाच्या बाजूचाच आहे. तरीही दहा वर्षांच्या मुलाला तो सोसणार नाही. सायकलवरच्या ज्या मुलाच्या जागी वाचक स्वतःला बसवीत असे, ती जागा आता मोठ्यांनी घेतली आहे. तात्या विंचूला आवाज देणारे दिलीप प्रभावळकरच इथे भागवतांच्या भूमिकेत आहेत. ते दिसले आणि मी उगाच क्षणभर जुन्या पडद्यावर जाऊन आलो.

मुले मोबाइलवर याहून वाईट पाहतात, असे एक तरुण बाप मला म्हणाला. ते खरे आहे. परंतु मोबाइलवर मूल एकटे पाहते. सतरंजीवर बसून पाहताना त्याला मागे वळून प्रश्न विचारता येतो, आणि चित्रपटाने तो प्रश्न आधी त्याच्या मनात उभा करावा लागतो.

त्या मुलीला त्या रात्री मी एवढेच सांगितले की, टीना चित्रपटात परत येत नाही, पण तिच्या घरातले तिला विसरत नाहीत. तिला हे पटले की नाही कोण जाणे. ती आईचा हात धरून गेली. येत्या शिबिरासाठी १९९० चा ‘धडाकेबाज’ ठरवला आहे. कवट्या महाकाळचा मुखवटा पाहून लहानगी घाबरतील. म्हणून त्यांच्या आयांना या वेळी मागे न बसवता त्यांच्या शेजारीच बसवायचे आहे.