गरुधम्म : पात्रता मान्य, अधिकार अमान्य

विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात भिक्खुनी संघाच्या स्थापनेची कथा येते. तिची चर्चा बहुधा स्त्रीला प्रव्रज्या कशी मिळाली एवढ्यापुरतीच होते. वस्तुतः तेथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत : स्त्रीची पात्रता आणि स्त्रीचा अधिकार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. स्त्री अर्हत्पदापर्यंतची चारही फले प्राप्त करू शकते, असे तथागत आनंदाला सांगतात. अंगुत्तर निकायातही खेमा प्रज्ञेत, पटाचारा विनयात व धम्मदिन्ना धम्मोपदेशात अग्र मानली आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आठ गरुधम्मांच्या रूपाने येते. शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा झालेल्या भिक्खुनीने त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करावे, हा पहिला. भिक्खुनीने भिक्खूला उपदेश करू नये, हा आठवा. ज्येष्ठता आणि वाणी ही नेतृत्वाची दोन्ही साधने येथे काढून घेतली गेली.

पुढे महाप्रजापती गोतमी आनंदामार्फत विनंती करते की, वंदन ज्येष्ठतेनुसार व्हावे. ती नाकारताना ग्रंथ कारण देतो ते असे की, अन्य तीर्थिकही स्त्रीला वंदन करीत नाहीत. येथे स्त्रीची कोणतीही उणीव सांगितलेली नाही. आधार आहे तो केवळ लोकरूढीचा. याच चुल्लवग्गाच्या सातव्या खंधकात शाक्य कुमार आपला अभिमान गळावा म्हणून नापित उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती करतात व ती मान्य होते. ज्येष्ठतेचा जो नियम कुलाभिमान मोडण्यास समर्थ ठरला, तो स्त्रीपाशी येताच का थांबावा?

हे नियम मूळचे नसावेत, या मताला सबळ आधार आहे. सहावा गरुधम्म दोन वर्षे शिक्षण घेतलेल्या सिक्खमानेने उभय संघांकडून उपसंपदा घ्यावी असे सांगतो. परंतु कथेनुसार तेव्हा भिक्खुनी संघ अस्तित्वातच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५१ साली 'महाबोधी' नियतकालिकातील लेखात महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रीविषयक संवाद प्रक्षिप्त ठरविला होता. तथापि प्रक्षेप सिद्ध केल्याने काम संपत नाही. प्रक्षेप करणाऱ्यांची मनोवृत्ती संस्थांमध्ये जिवंत राहते.

याचे अलीकडील उदाहरण भारतीय लष्करातील आहे. १९९२ पासून तेथे वैद्यकीय सेवांखेरीज अन्य शाखांतही महिला अधिकारी आहेत. त्यांना नेतृत्वपदे नाकारताना सर्वोच्च न्यायालयात असे मांडले गेले की, ग्रामीण पार्श्वभूमीचे पुरुष सैनिक स्त्रीचे नेतृत्व स्वीकारण्यास मनाने तयार नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. तीर्थिकांचा दाखला आणि सैनिकांचा दाखला यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्हीकडे इतरांचा पूर्वग्रह स्त्रीची अपात्रता म्हणून मोजला जातो.

आपल्या अनेक विहारांत वर्षावासातील ग्रंथवाचन आणि वंदनेची व्यवस्था स्त्रिया सांभाळतात. विश्वस्तपद व हिशेबाची वही मात्र पुरुषांकडे असते. 'समाज अजून तयार नाही' हे उत्तर तेथेही ऐकू येते. उपालीला वंदन करण्यासाठी शाक्य कुमारांनी समाजाच्या तयारीची वाट पाहिली नव्हती. धम्मदिन्नेचे नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी तिच्या वारसदारांना अध्यक्षांच्या आसनावर बसविण्यास आता विलंब का करावा?