श्वेतसर्पिणी आणि भिक्षू

उत्पत्तीच्या पुस्तकावर पोसलेल्या वाचकाला सर्पिणी नायिका म्हणून स्वीकारणे जड जाते. चिनी लोकमनालाही ते एकाएकी जमलेले नाही. फेंग मंगलोंगच्या १६२४ च्या कथासंग्रहात ती स्त्रीरूप घेतलेले सर्पपिशाच आहे, आणि तिला हांगचौच्या लेइफेंग पॅगोड्याखाली गाडणारा भिक्षू फाहाय हा त्राता. पुढे कथेकऱ्यांनी व नाटकमंडळ्यांनी तिला पतिनिष्ठ पत्नी केले, माता केले. पतीच्या सुटकेसाठी ती फाहायच्या मठावर पूर आणते, त्यात निरपराध माणसे बुडतात. तरीही श्रोत्यांचे मन तिच्याकडेच झुकते, आणि दोषी ठरतो तो भिक्षू. आम्हां व्रतस्थांना हा निवाडा बोचतो, पण तो अन्यायाचा म्हणवत नाही.

१९२४ मध्ये पॅगोडा कोसळला (ताईत म्हणून त्याच्या विटा लोकांनीच पळवल्या होत्या!), तेव्हा लू शुन यांनी लेख लिहून आनंद व्यक्त केला. २००२ मध्ये तो सरकत्या जिन्यांसह पुन्हा उभा राहिला. २००६ मध्ये ही आख्यायिका चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत नोंदली गेली. यादीविषयी आमची तक्रार नाही. मात्र चार शतके जी कथा सांगणाऱ्यागणिक पालटत आली, तिचे एकच रूप प्रमाण मानले गेले, तर फाहायचे काम आपणच पुरे करू.