फिरकीचा तांब्या

आमच्या नरडाण्याची जुनी माणसं सुरतेच्या गाडीत बसताना फिरकीचा तांब्या घरून नेत. गाडी सरकारची, तांब्या आपला! झोया अख्तर यांच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) या चित्रपटात मला उणा वाटतो तो हा तांब्या.

लंडनात पैशांचे व्यवहार करणारा, पाण्याला भिणारा अर्जुन स्पेनच्या समुद्रात बुडी मारतो नि वर येऊन रडतो. हृतिक रोशननं ते रडणं झकास केलंय, वादच नाही. पण दिग्दर्शिकेची नजर डोळ्यांतल्या पाण्यावर. माझी, चष्मेवाल्या बँक-कारकुनाची, मास्कमध्ये शिरणाऱ्या पाण्यावर!

भीती धैर्यानं जाते, असं चित्रपट म्हणतो. अहो, निम्मी भीती नीट बसणाऱ्या मास्कनं जाते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकानं श्वास ओढा. चिकटून राहिला तर तो आपला. मिशी आडवी आली की पाणी आत. चष्मा तर खाली चालतच नाही. नंबरची काच मास्कलाच हवी. परमुलखात भाड्यानं मिळणाऱ्या मास्कला आपला नंबर कसा ठाऊक?

म्हणून जड सिलिंडर आणि शिशाची वजनं दुकानदाराची, मास्क आणि तोंडात धरायचा रबरी तुकडा (नाहीतर साऱ्या गावाचा उष्टा!) आपला. सामान भाड्यानं मिळतं. चेहरा ज्याचा त्याचा.