रघुनाथरावांचा युक्तिवाद आणि वर्ध्याचा संवाद

वैचारिक वादांत जय दोन प्रकारचा असतो. एकात प्रतिपक्षाला आपले म्हणणे पटते. दुसऱ्यात तो आपले साधन उचलतो आणि म्हणणे मागे टाकतो. संततिनियमनाच्या चळवळीस महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचा जय मिळाला, असे आमचे मत आहे. मुंबईपासून आमच्या मारेगावासारख्या आडबाजूच्या तालुक्यापर्यंत तांबडा त्रिकोण कोणास अपरिचित राहिला नाही. ज्या साधनांचे नाव घेणे एके काळी असभ्यपणाचे होते, ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळू लागली. पण ही साधने कशासाठी हवीत, ह्याविषयी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जे मांडले होते, ते मात्र विस्मृतीत गेले. त्या लेखनाचे मोल ठरविण्याचा येथे विचार आहे.

कालानुक्रम आधी ध्यानात घ्यावा. डॉ. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र १९२१ च्या मार्चमध्ये उघडले; त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. म्हणजे ह्या बाबतीत महाराष्ट्र विलायतेच्या मागून रखडत गेला नाही. १९२३ साली त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकपदास त्यांना मुकावे लागले. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले आणि १९५३ साली संपादकाच्या निधनापर्यंत ते चालले. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर एवढी मजल गाठता आली नसती, हेही नमूद केले पाहिजे.

कर्वे यांच्या गद्याचा पहिला गुण असा की, त्यात संकोच नाही आणि चावटपणाही नाही. शरीराविषयी लिहिताना मराठी लेखक एक तर संस्कृत समासांच्या आड दडत असे, नाही तर शृंगाराच्या भरात वाहून जात असे. कर्वे यांनी तिसरी वाट काढली. सिद्धांत मांडावा, आक्षेप घ्यावा, तो खोडावा आणि पुढे चालावे, अशी त्यांची रीत गणिताच्या वर्गातली होती. दोषही तेथूनच आला. भूमितीतील प्रमेय सिद्ध झाले की विद्यार्थी ते मान्य करतो. समाज तसे करीत नाही. प्रतिपक्षी अज्ञानी तरी असावा किंवा ढोंगी तरी, असा सूर त्यांच्या लेखणीतून वारंवार उमटतो. ज्या गृहस्थाची भीती प्रामाणिक होती, त्याच्यापाशी बसून बोलण्याचे त्यांना साधले नाही.

तरीही प्रतिपक्षाचे अज्ञान काही थोडेथोडके नव्हते. संततिनियमन ही पाश्चात्त्यांची आणि म्हणून धर्मबाह्य कल्पना आहे, हा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. पण बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात गर्भ राहू नये अशी इच्छा असल्यास काय करावे, ह्याचा विधी स्पष्ट सांगितला आहे. तो विधी फलदायी होता असे कोणी म्हणणार नाही. इच्छा मात्र अगदी प्राचीन होती, एवढे त्यावरून सिद्ध होते. नवी होती ती साधने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि त्यातून भरवशाची आवरणे व टोप्या बनू लागल्या. साधन आले आणि त्याबरोबर खटलेही आले. १८७७ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर अशाच एका पुस्तकाबद्दल अश्लीलतेचा आरोप ठेवण्यात आला. कर्वे यांच्यावरही तसेच खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या वतीने उभे राहिले. खटला हरला आणि दंड झाला. पण लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यामुळेच अश्लील ठरत नाही, हा त्यातील मुद्दा दंडाच्या पावतीबरोबर निकालात निघाला नाही.

ह्या वादातील सर्वांत तोलामोलाचा प्रतिपक्ष मात्र आमच्या शेजारच्या जिल्ह्यात होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटल्या. संततीवर मर्यादा हवी, हे गांधीजींना मान्य होते. साधने मान्य नव्हती. संयम हाच मार्ग, आणि पतीस नकार देण्यास स्त्रीने शिकावे, असे त्यांचे म्हणणे. महिन्यातील काही ‘निर्धोक’ दिवसांचा मार्ग त्यांना त्यातल्या त्यात सह्य वाटला, कारण त्यातही थोडा संयम आहे. त्या दिवसांविषयीचे शास्त्रच तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते, हे येथे लक्षात घ्यावे. महिन्याच्या मध्याचे दिवस सुरक्षित, असे डॉक्टर पूर्वी सांगत. तेच दिवस गर्भधारणेचे, हे जपानच्या ओगिनो यांनी आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले. तेव्हा निसर्गाच्या ज्या मार्गास गांधीजी थोडे झुकले, तोही प्रयोगशाळेतूनच आला होता.

गांधीजींची भूमिका निव्वळ जुनाट म्हणून झटकून टाकणे आम्हास योग्य वाटत नाही. पत्नीस ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे त्या काळी किती सुधारकांनी उच्चारले होते? पण ज्या घरात तिचा नकार कोणी ऐकत नाही, त्या घरातील स्त्रीच्या हाती गांधीजी काय ठेवतात? ह्या प्रश्नाला वर्ध्यात उत्तर नाही. ते कर्वे यांच्या केंद्रात होते. उलट साधने आली की पुरुष आपली जबाबदारी विसरेल, ही जी शंका गांधीजींच्या बोलण्यामागे आहे, तिला कर्वे यांच्यापाशी पुरेसे उत्तर नव्हते.

पुढचा इतिहास ह्या दोघांचीही परीक्षा घेतो. १९३८ साली मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाच्या बाजूचा ठराव आला. डॉ. आंबेडकरांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखविले आणि सभागृहाने ठराव फेटाळला. अवघ्या चौदा वर्षांत, १९५२ साली, स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम केला. मात्र ह्या नव्या भाषेत स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा मागे पडून लोकसंख्येचा आकडा पुढे आला. साधन मुक्तीचे होते, ते मोजणीचे झाले. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुतेक पुरुषांवर. त्या सक्तीचा धसका असा बसला की, पुढे सारा भार स्त्रीवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत शस्त्रक्रिया स्त्रीची झालेली आहे. पुरुषाची अवघ्या ०.३ टक्क्यात. आणि पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी व कमी धोक्याची, हे वैद्यक उघड सांगते.

ह्या आकड्यांपुढे गांधीजींची शंका अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. परंतु त्यावरून साधनांना दोष देणे म्हणजे नवऱ्याच्या आळसाबद्दल पाटा-वरवंट्याला शिक्षा करण्यासारखे आहे. दोष साधनाचा नव्हे. साधन घेऊन त्यामागील विचार टाकून देणाऱ्या समाजाचा आहे. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे ज्या स्त्रीच्या देहावर बेतते तिने ठरवावे, हा कर्वे यांच्या लेखनाचा गाभा. सरकारने केंद्रे उघडली, पण हा गाभा घेतला नाही. आणि सुशिक्षित घरांनी शस्त्रक्रिया स्वीकारली, पण निर्णय कोणाचा हा प्रश्न स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातही येऊ दिला नाही.

म्हणून ‘समाजस्वास्थ्य’चे अंक आज केवळ धाडसाचा नमुना म्हणून कपाटात ठेवावेत, असे आम्हास वाटत नाही. त्यांतील वैद्यकीय माहिती जुनी झाली आहे; गर्भनिरोधक गोळी आणि तांबी कर्वे यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. सूर पुष्कळदा कडवट आहे. पण मुख्य प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. ज्या घरात मुलगी आणि सून दोघी आहेत, त्या घरातील कर्त्या पुरुषांनी हे अंक आधी वाचावेत; स्त्रियांनी ते वाचावेत की नाही, हे ठरविण्याची तसदी त्यांनी घेऊ नये.