नकाशातील एकच हिरवा : कुमाऊंच्या जुन्या एक-इंची पत्रकाचे वाचन

लखनौचे पत्रक ६३ बी आणि नैनीताल-अल्मोड्याची ५३ ओ गटातील पत्रके शेजारी ठेवून पाहावीत. लखनौच्या सपाट मैदानात समोच्च रेषा शोधाव्या लागतात. कुमाऊंत त्या एकमेकींना खेटून धावतात. तरी ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड वेगळे होईपर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच राज्यात होते आणि राजधानी होती लखनौ. डोंगर न चढलेल्या अधिकाऱ्याला डोंगर कळायचा तो अशाच कागदावरून.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या एक-इंची मालिकेचे (१:६३,३६०) उतारांचे काम उत्तम आहे. तपकिरी रेषांवरून ओढा कोठे वळतो, वाट कोणत्या खिंडीतून जाते, हे आजही वाचता येते. माझी तक्रार हिरव्या रंगाविषयी आहे.

बांज म्हणजे हिमालयातील ओक. त्याचा पाला गुरांना चालतो, कुजलेली पाने शेताला खत होतात. चीड पाइनपासून मिळते राळ, आणि ती हवी होती वनखात्याला. पत्रकावर दोन्ही जंगले एकाच हिरव्यात. फार तर झाडाची खूण किंवा एखादी टीप फरक सांगते. त्या झाडावर कोणाचे घर चालते, हे सांगत नाही.

१९११ ते १९१७ या काळात कुमाऊंतील मोठे क्षेत्र राखीव वन झाले. चराई, पाला, लाकूड यांवर बंधने आली. १९२१ मध्ये गावकऱ्यांनी जंगले पेटवली. रामचंद्र गुहा दाखवतात की आग मुख्यतः चीडच्या वनांत लागली. रुंदपानी वने, तीही राखीव असून, बहुतांशी वाचली. नकाशाने न केलेला भेद लोकांनी आगीत केला!

त्याच वर्षी सरकारने तक्रार समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून काही राखीव वने वनखात्याकडून महसूल प्रशासनाकडे गेली आणि १९३१ पासून वनपंचायतींचे नियम आले. म्हणजे दहाएक वर्षांत हद्दीचा अर्थ बदलला. कागदावर मात्र राखीव वनाची सीमा डोंगरधारेइतक्याच ठामपणे छापलेली असते. धार निसर्गाची, सीमा अधिसूचनेची. विद्यार्थ्याने या दोन रेषा वेगळ्या वाचायला हव्यात.

सर्वेक्षणाचे वर्ष पत्रकाच्या समासात दिलेले असते. ५३ ओ मधील पत्रक हाती आले, तर ते १९२१ च्या आधीचे की नंतरचे, हे प्रथम पाहा.