एकच गणित, तीन पदव्या

बी.एस्सी.चे निकाल लागले की दरवर्षी दोन-चार विद्यार्थी घरी येतात. प्रश्न ठरलेला असतो : "सर, एम.एस्सी. करू की एम.बी.ए.?" यंदा आलेल्या मुलीने महाविद्यालयातून मिळालेली पदव्युत्तर अभ्यासक्रमांची यादी सोबत आणली होती. यादीत तीन रकाने होते : वाणिज्य व व्यवस्थापन, विज्ञान, गणित. प्रत्येक रकान्यात पदव्यांची नावे, त्यापुढे कालावधी आणि शुल्क. तिने तिन्ही रकान्यांत एकेका नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि आता मी एकीवर बोट ठेवावे, अशी तिची अपेक्षा होती.

पनवेलच्या मुलांपुढे एवढी मोठी यादी असावी, ही तशी अलीकडची गोष्ट. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय इथे १९७० मध्ये सुरू झाले. पुढे नवीन पनवेलमध्ये चांगू काना ठाकूर आणि पिल्लई ही महाविद्यालये आली. १९९८ मध्ये हार्बर लोकल पनवेलपर्यंत पोहोचली आणि रोज मुंबईला जाऊन शिकणे शक्य झाले. आता पर्याय कमी असल्याची तक्रार कुणी करणार नाही. माझी तक्रार पर्याय मांडण्याच्या पद्धतीविषयी आहे. यादीत एकही गोष्ट खोटी नव्हती, पण विद्यार्थ्याला जे आधी कळायला हवे तेच तिच्यात नव्हते : या पदवीत गणित किती आहे, कोणत्या प्रकारचे आहे, आणि ते येत नसेल तर काय होते?

रकान्यांचेच पाहा. मुंबई विद्यापीठात गणित घेऊन एम.ए. होता येते आणि एम.एस्सी.ही होता येते. अभ्यासक्रम एकच, प्रमाणपत्रावरची अक्षरे तेवढी वेगळी. म्हणजे गणित कलाशाखेचेही आहे आणि विज्ञानाचेही. वाणिज्याचे ते किती आहे, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण बारावीचेच आहे, वर्गात करून पाहता येईल.

एक बचत गट पोह्याचे पापड आणि तांदळाच्या फेण्या करतो. (आकडे माझे, हिशेबाच्या सोयीचे.) पापडांच्या एका घाण्याला १ तास श्रम आणि वाळवायला ३ चटया लागतात. फेण्यांच्या एका घाण्याला २ तास आणि २ चटया. आठवड्याला हाताशी ४० तास आहेत आणि ६० चटयांची जागा. पापडांच्या घाण्यामागे ३०० रुपये सुटतात, फेण्यांच्या घाण्यामागे ४००. तर कशाचे किती घाणे करावेत?

पापडांचे घाणे क्ष आणि फेण्यांचे य धरले, तर क्ष + २य हे ४० पेक्षा जास्त होता कामा नये आणि ३क्ष + २य हे ६० पेक्षा. आलेखकागदावर या दोन रेषा आणि दोन अक्ष यांच्यामध्ये एक चौकोन अडकतो. त्याचे कोपरे (०, ०), (२०, ०), (०, २०) आणि (१०, १५). कोपऱ्यांवरचा नफा अनुक्रमे ०, ६०००, ८००० आणि ९००० रुपये. म्हणून पापडांचे १० आणि फेण्यांचे १५ घाणे करावेत.

हे रेषीय प्रायोजन. बारावी विज्ञानाच्या गणितात ते आहे आणि वाणिज्याच्या गणितातही आहे. वाणिज्याच्या पुस्तकात तर त्याला जोडून कामवाटपाची उदाहरणेही येतात. दोन्हीकडे मुले कोपरे शोधतात, किमती काढतात, सर्वांत मोठी निवडतात आणि गुण मिळवतात. पण उत्तर कोपऱ्यावरच का मिळते, चौकोनाच्या मधल्या एखाद्या बिंदूवर का नाही, हे विचारणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. खरे तर कारण सोपे आहे. चौकोनाच्या आत कुठेही उभे राहा आणि एक दिशा धरा. त्या दिशेने नफा वाढतो, घटतो किंवा तेवढाच राहतो. घटत असेल तर उलट दिशेला वळा. असे चालत राहिलात की कधीतरी भिंत लागते. मग भिंतीच्या कडेने चाला, तिथेही हाच नियम. शेवटी कोपरा येतो, आणि वाटेत नफा कुठेही कमी झालेला नसतो.

आता तीन पदव्यांकडे वळू. व्यवस्थापनाच्या पदवीत हाच विषय 'ऑपरेशन्स रिसर्च' या नावाने येतो. तिथे दोनाऐवजी दोनशे वस्तू असतात, काम संगणक करतो, आणि समोरची अडचण नेमकी कोणत्या समीकरणांत बसते हे ओळखणे, हे विद्यार्थ्याचे खरे कौशल्य ठरते. गणिताच्या एम.एस्सी.त वर दिलेले 'का' हाच विषय होतो : बहिर्वक्र संच, त्यांचे कोपरे, त्यांची मिती. संगणकशास्त्रात प्रश्न बदलतो : उत्तर यायला वेळ किती लागेल? एकच चौकोन, त्याला विचारलेले प्रश्न मात्र तीन. विद्यार्थ्याने निवडायचे असते ते यांपैकी कोणता प्रश्न आपल्याला रात्री झोपू देत नाही हे. यादी त्याला शुल्क सांगते.

या विषयाचा इतिहासही रकान्यांत बसत नाही. लेनिनग्राडचे गणिती कांटोरोविच यांनी १९३९ मध्ये तो मांडला, तो प्लायवूडच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या वाटपावरून; १९७५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले ते अर्थशास्त्राचे. १९४७ मध्ये डँट्झिग यांनी एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर सरकत जाणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती व्यवहारात उत्तम चालते. पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी अशी उदाहरणे रचली की तिला सगळे कोपरे हिंडावे लागतात. ५० चले असतील तर २ चा ५० वा घात, म्हणजे १ वर १५ शून्ये याहूनही जास्त कोपरे. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी कडेने न जाता आतूनच वाट काढणारी पद्धत शोधली. त्यांची पहिली पदवी पवईच्या आय.आय.टी.ची, विद्युत अभियांत्रिकीची, १९७८ सालची. शोधाच्या वेळी ते अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत होते. त्यांच्या कंपनीने या पद्धतीवर पेटंट घेतले आणि गणिताचे पेटंट घेता येते का, यावर मोठा वाद झाला. हा शोध विज्ञानातला, गणितातला की धंद्यातला?

असे असेल तर कोणत्याही दाराने आत शिरले तरी चालेल, असे वाटू शकते. इथेच यादी सर्वांत जास्त फसवते. ही दारे एकाच बाजूने उघडतात. गणिताचा पदवीधर एम.बी.ए. किंवा मुंबई विद्यापीठाच्या एम.एम.एस.कडे केव्हाही जाऊ शकतो. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्याच्या प्रवेश परीक्षेत अलीकडे २०० प्रश्न असत, त्यांतले ५० संख्यात्मक, आणि तेही दहावीच्या पायावर सुटणारे. उलट वाट मात्र नाही. बी.कॉम. झालेल्याला गणिताच्या एम.एस्सी.कडे वळता येत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा नवा आराखडा काढला. पदवीचा विषय कोणताही असो, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दुसऱ्या विषयात पदव्युत्तर प्रवेश घेता येईल, असे त्यात म्हटले आहे. स्वागतच आहे. पण आय.आय.टी.च्या एम.एस्सी.साठी होणाऱ्या 'जॅम' या परीक्षेची गणिताची प्रश्नपत्रिका उघडून पाहा : वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, अनेक चलांचे कलन. नियमातली कडी निघाली, तरी उंबरठा होता तेवढाच उंच आहे.

आणि तो ओलांडायचा की नाही हे ठरते अकरावीत. वाणिज्य शाखेत गणिताला पर्याय म्हणून चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. अर्ज भरताना पाच मिनिटांत खूण केली जाते. "त्यात गुण चांगले पडतात" हा सल्ला मीही दिलेला आहे. एक हुशार मुलगी पुढे बी.कॉम. होऊन विमागणिताकडे जायचे म्हणाली, तेव्हा तिची सुरुवात अकरावीच्या पुस्तकापासून करावी लागली. नोकरी सांभाळून दोन वर्षे ती ते करत होती. त्या पाच मिनिटांत मी तिच्या शेजारीच उभा होतो.

विद्यापीठे आणि महाविद्यालये नावांच्या बाबतीत मात्र भलतीच तत्पर असतात. २०२४ मध्ये बी.एम.एस.सारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांना प्रवेश परीक्षा लागू झाली. त्याबरोबर अनेक महाविद्यालयांनी बी.एम.एस.चे 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' करून टाकले. परीक्षा टळली. पालकांना वाटले, काहीतरी नवीन निघाले.

यंदाच्या मुलीला मी कोणत्याच रेघेवर बोट ठेवून दिले नाही. पापड-फेण्यांचे उदाहरण दिले आणि त्यातले काय आवडले ते विचारले. ती म्हणाली, "भिंतीच्या कडेने चालायचं ते." मग आम्ही यादी पुन्हा घेतली आणि प्रत्येक नावापुढे त्या पदवीला लागणारे गणित लिहीत गेलो. दोन नावांपुढची जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने त्या महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन करून विचारले. उत्तर मिळाले, "अभ्यासक्रम प्रवेशानंतर मिळेल. शुल्क सांगू का?"